किल्ली कुणाकडं? एका प्रभागातल्या उद्यान निधीचा कौल

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. त्यानंतर दोन-अडीच महिने गेले, तरी कोल्हापूर महापालिकेच्या निवडणुकीची तारीख काही लागत नव्हती. २०१५ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासकाचा कारभार. तेवढ्या काळात इच्छुकांचे वाढदिवसाचे फलक उन्हानं फिके पडून नवे लागले होते. त्यातलेच एक दादा एका संध्याकाळी माझ्याकडं आले. मी सर्वेक्षणाची कामं करतो. राजकारणातल्या मंडळींची कामं शक्यतो टाळतो, कारण त्यांना बहुतेक वेळा आकडा नको असतो, दाखला हवा असतो.

दादांनी मोबाइल पुढं केला. प्रभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी प्रश्न टाकला होता, ‘आपल्या प्रभागात सुसज्ज उद्यान व्हावे का?’ ‘हो’ची हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत. ‘नाही’ला दोन मतं, आणि त्यातलं एक चुकून पडल्याचा खुलासा त्या गृहस्थानं हात जोडून खाली केला होता.

“सर, ह्ये जाहीरनाम्यात घालायचं. मिळकतीमागं वर्षाला तीनशे रुपये उद्यान निधी, घरफाळ्याबरोबर. लोकं एका पायावर तयार हायत.”

“तीनशेचं ग्रुपवर विचारलंय का?”

“ते आत्ताच कशाला?”

पुढचे सहा आठवडे आम्ही त्या ‘आत्ताच कशाला’च्या मागं होतो. प्रभागाचं नाव इथं देत नाही, दादांचंही नाही. नेमकी टक्केवारीही देणार नाही, ती त्यांच्या खाजगी कामाची आहे. पण हे काम करताना कुठं फसलो आणि काय हाती लागलं, ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

प्रभाग

एक टोक जुन्या पेठेत, दुसरं कॉलन्यांत. २०१५ ला ८१ प्रभाग होते आणि प्रत्येकात एकच नगरसेवक. पुढची निवडणूक बहुसदस्यीय पद्धतीनं, म्हणजे मोठा प्रभाग आणि त्यात अनेक नगरसेवक अशी होणार असं सगळे धरून चालले होते, त्यामुळं दादांना पेठेशी आणि उपनगराशी एकाच वेळी बोलणं भाग होतं. आणि मोकळ्या जागेच्या बाबतीत ही दोन वेगळी गावं आहेत.

पेठेत घराला घर चिकटून, दारात गाडी लावायची पंचाईत. पण तिथं तालीम आहे, तालमीचा फुटबॉल संघ आहे, गांधी मैदान आहे, आणि फिरायला रंकाळा. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं त्या गावात माणसाला मैदानाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. ‘उद्यान’ म्हटल्यावर मात्र पेठेतल्या माणसाच्या डोळ्यांपुढं महावीर उद्यान येतं, म्हणजे रविवारी पोरांना घेऊन जायची जागा. ती दारात असावी असं त्याला फारसं वाटत नाही.

कॉलन्यांत उलट. मोठ्या जागेचं रेखांकन मंजूर करताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, त्यामुळं ‘ओपन स्पेस’ आहेत. या प्रभागात अशा तीन. एकीत ओपन जिम आहे. त्यातल्या सायकलचं एक पायडल गेलंय, छातीच्या व्यायामाच्या यंत्रावर कुणीतरी सतरंजी वाळत घालतं. निधी कुणाच्या प्रयत्नातून आला ते सांगणारी ग्रॅनाइटची पाटी मात्र ठणठणीत. दुसरीत गणपतीचा मंडप पडतो आणि एरवी चारचाकी लागतात. तिसरीला तारेचं कुंपण, लोखंडी फाटक आणि कुलूप. कुलूप कुणी लावलं यावर कॉलनीत दोन तट, आणि दोन्ही तटांच्या मते दुसऱ्यानं.

पैसा कशाला हवा होता

दादांच्या डोक्यात ‘उद्यान उभारणं’ होतं. पहिली बैठक तेवढंच खोडून काढण्यात गेली. उभारायला पैसा मिळतो. आमदार निधी असतो, जिल्हा नियोजनातून येतो, राज्याची नगरोत्थान योजना असते. नारळ फुटतो, फीत कापली जाते. माळ्याच्या पगाराची फीत कापता येत नाही, म्हणून तो पैसा कुणी आणत नाही. तीन जागा आहेत, खेळणीही येतील. पण दुसऱ्या उन्हाळ्यात हिरवळीला पाणी कोण घालणार, घसरगुंडीचा पत्रा उचकटला तर तो ठोकणार कोण?

कायद्याची बाजूही सांगावी लागली. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा, क्रीडांगणं ही शहरांच्या स्थानिक संस्थांची कामं म्हणून आलेली आहेत. पण आपल्याकडच्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात ती ऐच्छिक कर्तव्यांत बसतात. पाणी, गटार, दिवाबत्ती बंधनकारक आणि बाग ऐच्छिक. तंगी आली की कात्री कुठं लागणार ते उघड आहे. शिवाय पुढच्या वर्षाच्या करांचे दर सभागृह २० फेब्रुवारीच्या आत ठरवतं. एका प्रभागाचा एक नगरसेवक आपल्या मिळकतींवर तीनशे रुपये बसवू शकत नाही. तो सभागृहात मागणी करू शकतो, आणि मागणीमागं लोक आहेत असं दाखवू शकतो. दादांचा चेहरा जरा पडला. मग म्हणाले, “म्हंजे लोकं हायत का, तेच बघायचं की.” तेच बघायचं होतं.

हिशेब मांडला. तीन माळी आणि दोन रखवालदार, प्रत्येकी महिना १५,००० धरले तर वर्षाचे ९ लाख. पाणी, वीज, दुरुस्ती यांचे ३ लाख. एकूण १२ लाख. मिळकती ढोबळमानानं ४,००० धरल्या तर प्रत्येकी वर्षाला ३००. दादांनी तीनशेचा आकडा हवेतून काढला होता आणि तो बरोबर निघाला; राजकारण्याच्या या नजरेचं मला नेहमी नवल वाटतं.

दादांचा एक हुशार कार्यकर्ता म्हणाला, “महिन्याला पंचवीस असं विचारा की सर, वडापावचं पैसं.” पैसे तेवढेच, पण पंचवीसला ‘हो’ जास्त येणार हे कुणीही सांगेल. मी नकार दिला. घरफाळ्याचं बिल वर्षाचं येतं. माणसाच्या हातात ज्या रकमेचा कागद पडणार, तीच रक्कम त्याला विचारायची. नाहीतर कौल पंचवीसचा आणि बिल तीनशेचं, आणि मग कोल्हापूरला टोल आठवतो. शहरातल्या रस्त्यांसाठी लावलेला तो टोल लोकांनी रस्त्यावर उतरून २०१५ च्या अखेरीस घालवला. त्यानंतर या गावात ‘वसुली’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

दुसरीकडं हे कसं करतात

अमेरिकेत अनेक शहरांत उद्यानांसाठी नवा कर लावायचा किंवा कर्जरोखे काढायचे तर तो प्रश्न थेट मतपत्रिकेवर जातो. कॅलिफोर्नियात १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ पासून, शहराच्या सभागृहानं ठराविक कामासाठी मांडलेल्या कराला दोन-तृतीयांश मतं लागतात. साध्या बहुमतावर भागत नाही, म्हणून प्रश्न मतपत्रिकेवर टाकण्याआधीच नमुना पाहणी करून अंदाज घेतात. त्यांची एक रीत मला आवडते. आधी काहीच न समजावता विचारतात. मग बाजूचे मुद्दे वाचून दाखवतात, विरोधातले वाचून दाखवतात, आणि पुन्हा तोच प्रश्न. रक्कमही आधी मोठी विचारून मग खाली आणतात. पाठिंबा किती आहे यापेक्षा तो कशानं हलतो हे त्यातून कळतं.

आपल्याकडं करावर सार्वमताची सोय नाही. मतदार माणूस निवडतो, आणि कर तो माणूस ठरवतो. पुणे महापालिकेनं २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली, पण तिथंही लोक काम सुचवतात, कराला होकार देत नाहीत. त्यामुळं रीत उचलायची तर ती आपल्या बेतानं वळवून घ्यायला हवी होती.

फसलेले दोन दिवस

मतदार यादी घेतली, एक आरंभ चिठ्ठीनं काढला आणि तिथून ठराविक अंतरानं नावं निवडली. नमुना ४०० चा. प्रभागात वीस हजार मतदार असोत की शहरभरातले काही लाख, ४०० च्या नमुन्यात साधारण पाच टक्के इकडं-तिकडं होणारच. ती चूक निम्मी करायची तर १,६०० घरं फिरावी लागतात. दादांना हे पटेना. “एवढ्याशा लोकात काय कळतंय?” म्हणाले. त्यांना म्हटलं, आमटीत मीठ बघायला पातेलं पीत नाही आपण. नीट ढवळलेली असली म्हणजे झालं.

ढवळण्यातच आम्ही कमी पडलो. कॉलेजची चार मुलं-मुली नेमली होती, पण यादीतले पत्ते सापडेनात. गेलेली माणसं यादीत, घर सोडून फुलेवाडीला गेलेली यादीत. मग घरं दाखवायला दादांचा एक माणूस सोबत दिला. ही चूक माझी. दोन दिवस प्रत्येक दारात तीनशेला ‘हो’. तिसऱ्या दिवशी मी स्वतः मागं गेलो. दादांचा माणूस फाटकापाशी मोबाइल बघत उभा, गळ्यात दादांचा फोटो असलेलं ओळखपत्र. आतल्या काकू मुलीला म्हणत होत्या, “आमचं काय नाय बाई, दादा म्हणत्यात ते बरोबरच.” एवढं बोलून त्यांनी हळूच विचारलं, “पाण्याचं कनेक्शन त्येंच्याकडंच सांगायचं न्हवं?”

ते दोन दिवस फेकून दिले. माणूस काढला आणि उत्तर तोंडी घेणंही बंद केलं. घरातून बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आणला, झाकणाला फट पाडली. मुलं कोरी चिठ्ठी देणार, घरच्यानं आत जाऊन हो किंवा नाही लिहून, घडी घालून डब्यात टाकायची. तोंडी आणि चिठ्ठीवर यात इतकं अंतर पडलं की दादा दोन दिवस फोनच घेईनात.

आणखी एक युक्ती इथं सांगतो. कौल मतदाराचा हवा, आणि ‘मतदान करता का’ विचारलं तर जगात कुणी नाही म्हणत नाही. आम्ही विचारायचो, “विधानसभेला तुमचं केंद्र कुठल्या शाळेत होतं?” ज्यानं मत दिलं तो शाळा तर सांगतोच, वर कुठल्या खोलीत आणि रांग किती होती तेही सांगतो. ज्याला आठवत नाही त्याची चिठ्ठी घ्यायची, पण वेगळी मोजायची.

भाडेकरूंचा प्रश्न मात्र सुटला नाही. गडहिंग्लज, राधानगरी, चंदगडची कितीतरी कुटुंबं कॉलन्यांत राहतात. मत गावाकडं, घरफाळा मालकाच्या नावानं, आणि संध्याकाळी ओपन स्पेसमध्ये खेळणारी पोरं निम्मी यांचीच. बागेची सगळ्यात जास्त गरज ज्याला, तो ना मतदार ना करदाता. अशा घरांना आम्ही विचारलं, पण कौलात धरलं नाही. हे बरोबर केलं का, याची टोचणी अजून आहे.

चिंचोके

नुसतं हो-नाही घेऊन भागणार नव्हतं. बाग हवी असणं आणि बाग आधी हवी असणं, यात फरक आहे. म्हणून प्रत्येकापुढं दहा चिंचोके ठेवले आणि कागदावर पाच चौकोन: पाणी, रस्ते, गटार, कचरा, बाग-मैदान. महापालिकेचा पैसा तुमच्या हातात आहे असं समजून वाटा.

पेठेत नदीकडच्या गल्ल्यांनी गटारावर चिंचोके ओतले. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या जोत्याला लागला, त्यांना दुसरं काही सुचत नाही. कॉलन्यांत रस्ते आणि पाणी पुढं. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं, तरी पाण्याच्या चौकोनातला ढीग कमी झालेला दिसला नाही. बागेवर बहुतेकांचे एक-दोन. एका आजींनी नऊ चिंचोके पाण्यावर ठेवले, दहावा कितीतरी वेळ चिमटीत धरून बसल्या आणि बागेवर ठेवला. म्हणाल्या, “नातू हाय. पर एकच हं.” शेजारची सूनबाई हसत म्हणाली, “मी रोज रंकाळ्यावर जातो की फिरायला, मला कशाला हितं बाग?” आणि तीन ठेवले.

बाग कुणाला नको होती असं नाही. ती कुणाच्या रांगेत पहिली नव्हती, एवढंच. व्हॉट्सअॅपवरची हिरवी पट्टी रांग दाखवत नाही.

उपकर आणि वर्गणी

निम्म्या चिठ्ठ्यांसोबतच्या कागदावर ‘उद्यान उपकर’ लिहिलं होतं, निम्म्यांवर ‘उद्यान वर्गणी’. रक्कम, काम, बाकी सगळं तेच. वर्गणीला ‘हो’ ठळकपणे जास्त. कार्यकर्ते खूश झाले, ‘वर्गणीच म्हणू या’ म्हणाले. पण मुलांना मी मागाहून काही घरी परत पाठवलं, वर्गणी म्हणजे काय समजलात ते विचारायला. लोकांना वाटलं होतं, द्यायची तर द्यायची. दारात ओळखीची पोरं येणार, पावती फाडणार, यंदा अडचण आहे म्हटलं तर ‘राहू दे काकी’ म्हणून पुढं जाणार. बिलातून येणारी सक्तीची रक्कम त्यांच्या मनातच नव्हती. तो ‘हो’ दुसऱ्याच प्रश्नाला होता. त्या चिठ्ठ्या कौलातून बाजूला काढल्या.

त्यातून एक गोष्ट मात्र दिसली. गणपतीला याच घरांतून तीनशेहून जास्त जातात, आणि पेठेत तालमीला वेगळे. पैसा खिशात नाही असं फार थोड्या घरांत होतं. वर्गणी मागणारा पोरगा गल्लीतला असतो, मंडपात हिशेबाचा तक्ता लागतो, आणि कुणी गडबड केली तर त्याच्या आईला गाठता येतं. बिलातल्या रकमेच्या आईला कुठं गाठायचं?

डब्यातली एक चिठ्ठी

कुलूप लावलेल्या ओपन स्पेसजवळच्या घरांचा डबा उघडला, तेव्हा एका चिठ्ठीवर हो नव्हतं, नाही नव्हतं. निळ्या बॉलपेननं, शाळेतल्या बाईंसारखं वळणदार अक्षर: ‘किल्ली कुणाकडं?’

मुलांनी ती चिठ्ठी बाद ठरवून बाजूला ठेवली होती. मी ती भिंतीला चिकटवली. मधूनच प्रश्नावली बदलणं आमच्या धंद्यात चांगलं समजत नाहीत, तरी उरलेल्या घरांसाठी बदलली. आधी चिठ्ठी, मग दोन्ही बाजूंचे मुद्दे, मग दुसरी चिठ्ठी. बाजूचे मुद्दे म्हणजे ज्येष्ठांना बसायला जागा, मुलांना रस्त्यावर खेळावं लागणार नाही. विरोधातले मुद्दे कुणी शिकवायला लागलेच नाहीत, लोकच सांगत होते: घरफाळा भरतोच आहोत; आधी खड्डे बुजवा; कायद्यात १९७५ पासून वृक्ष उपकराची सोय आहे, मग हे आणखी काय. एका वहिनींनी तर मुलीला विचारलं, “सरकार पंधराशे खात्यावर टाकतंय, आणि तुमी तीनशे मागायला आला व्हय?” ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बहिणीनं दिलेलं हे उत्तर आमच्या एकाही कागदात बसत नव्हतं.

मुद्द्यांनी फार कुणी हललं नाही. रक्कम तीनशेवरून दीडशे केली, तेव्हाही ‘नाही’ म्हणणारे बहुतेक ‘नाही’वरच राहिले. मला वाटलं होतं, रक्कम निम्मी झाली की चित्र पालटेल. तिसऱ्या कागदावर रक्कम पुन्हा तीनशेच ठेवली आणि खाली तीन ओळी घातल्या: हा पैसा याच तीन जागांवर खर्च होईल, जमा-खर्च दर तीन महिन्यांनी फाटकावरच्या फलकावर लागेल, किल्ली आणि माळ्याची हजेरी शेजारच्या पाच घरांकडं राहील, त्यात किमान दोन बायका. या कागदावर कॉलन्यांतल्या ‘नाही’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण वळले. पेठ वळली नाही, आणि तिनं वळावं असं काही त्या कागदात नव्हतंही. तिचा पैसा दीड किलोमीटरवरच्या हिरवळीला का जावा?

दादांना काय सांगितलं

अहवाल दीड पानाचा केला, त्याहून जास्त ते वाचणार नव्हते. संपूर्ण प्रभागात विनाअट तीनशेला बहुमत आहे असं म्हणता येणार नाही; आकडा निम्म्याच्या इतका जवळ होता की नमुन्याची चूक धरली तर तो कुठंही पडू शकत होता. कॉलन्यांत अटींसह आहे, आणि त्या अटी पैशाच्या नाहीत, ताब्याच्या आहेत. पेठेत नाही, तिथं मागायचंच तर मैदानाचे दिवे आणि तालमीजवळचं स्वच्छतागृह मागा, बाग नको. आणि सभागृहाबाहेर कुणालाही ही रक्कम सक्तीनं घेता येणार नाही, हे जाहीरनाम्यात त्याच टाइपात छापा.

दादांनी शांतपणे ऐकलं. मग भिंतीवरच्या चिठ्ठीकडं बघत म्हणाले, “किल्लीचं म्हंजे सर, माझ्याकडं ठेवली तर?”

मुलं हसली. दादा गंभीर होते. त्यांच्या दृष्टीनं ते नि:स्वार्थीपणे जबाबदारी घेत होते. पाच घरांच्या अटीवर आम्ही अर्धा तास वाद घातला. ‘ती पाच घरं कुणाच्या गटाची?’ हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. कुलूप लावणारे दोन तट त्याच कॉलनीत होते. शेवटी ठरलं की किल्ली दर सहा महिन्यांनी एका तटाकडून दुसऱ्याकडं जाईल. हे लोकांना विचारलेलं नव्हतं, म्हणून कौलात नाही.

महिन्याभरानं पत्रकाचा मजकूर बघायला आला. वर दादांचा फोटो, खाली ‘तीन भव्य व सुसज्ज उद्याने’. तीनशे रुपयांची ओळ नव्हती, फलकाची नव्हती, किल्लीची नव्हती. फोन केला. दादा म्हणाले, “सर, मजकूर मोठा व्हाया लागला. प्रेसवाल्यानं सांगितलं, फोटो बारका करा न्हायतर ओळी काढा.”